फायलींवरचा पहारा



दुकान वाढवण्यापूर्वी दुकानदार गल्ला मोजतो. बँकेतला रोखपाल दिवसअखेर रोकड जुळवल्याशिवाय घरी जात नाही. घरातली कर्ती बाई निजण्यापूर्वी गॅसचं बटण आणि दाराची कडी एकदा पाहून घेते. हे पहारे आपल्या अंगवळणी पडलेले आहेत. पण ज्या गोष्टी कागदावरून संगणकात गेल्या, त्यांचं काय? सोसायटीचे हिशेब, शाळेचे निकाल, दवाखान्यातले केसपेपर, छोट्या कारखान्याची बिलं, घरातले फोटो, हे सगळं आता फायलींच्या रूपात संगणकात असतं. यातल्या कोणत्या फायली आज बदलल्या, कोणत्या नव्याने आल्या, कोणत्या नाहीशा झाल्या, हे संध्याकाळी कोण पाहतं? बऱ्याच ठिकाणी कोणीच पाहत नाही. एखादी फाइल उघडेनाशी झाली, म्हणजे मग धावाधाव सुरू होते.

हा पहारा ठेवायला फार मोठी, खर्चिक यंत्रणा लागते असा एक समज आहे. ती असेल तर उत्तमच. पण पाच-सात ओळींच्या साध्या आज्ञांतूनही बरंच काम होतं. त्या आज्ञा काय असतात, त्यांनी काय कळतं आणि कुठे त्या कमी पडतात, हे आज आपण पाहू.

सुरुवात एका गाजलेल्या प्रकरणापासून करतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल नावाचे एक खगोलशास्त्रज्ञ १९८६ साली संगणक विभागात काम करू लागले. त्या काळी संगणक जितका वेळ वापरला, तितके पैसे वापरणाऱ्याच्या खात्यावर पडत. हिशेबात ७५ सेंटचा, म्हणजे पाऊण डॉलरचा, फरक येत होता. ‘राउंडिंगची चूक असेल’ म्हणून तो सोडून देणं सोपं होतं. स्टॉल यांनी तो सोडला नाही. कोणीतरी काही सेकंद संगणक वापरला होता आणि त्याचे पैसे कोणाच्याच नावावर लागत नव्हते. त्या पाऊण डॉलरचा माग अनेक महिने चालला आणि पश्चिम जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरापर्यंत पोहोचला. तिथला मार्कुस हेस हा तरुण अमेरिकेच्या लष्करी संगणकांत डोकावत होता आणि त्याची टोळी ती माहिती सोव्हिएत गुप्तहेर संघटना केजीबीला विकत होती. १९९० साली न्यायालयानं त्यांना दोषी ठरवलं.

हेसनं आत शिरल्यावर काय केलं, ते आपल्या विषयाच्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे. त्या संगणकावर ‘एटीरन’ नावाची एक फाइल होती. संगणक दर पाच मिनिटांनी ती आपणहून चालवत असे. ईमॅक्स या प्रोग्रॅमबरोबर आलेल्या एका छोट्या प्रोग्रॅममधली खोट हेरून हेसनं त्या फाइलीच्या जागी त्याच नावाची आपली फाइल ठेवली. पाच मिनिटांत संगणकानं ती आपलीच समजून चालवली आणि सर्वाधिकार त्याच्या हाती दिले. मग त्यानं खरी फाइल पुन्हा जागच्या जागी ठेवून दिली. आपल्याकडे कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते, तसा तिकडचा कुकू पक्षी दुसऱ्या पक्ष्याच्या घरट्यात घालतो. म्हणून या प्रकरणावर स्टॉल यांनी १९८९ साली लिहिलेल्या पुस्तकाचं नाव ‘द कुकूज एग’ असं आहे. ही पाच मिनिटांची अदलाबदल लक्षात असू द्या. ती पुढे पुन्हा लागणार आहे.

आता संगणक स्वतः काय टिपून ठेवतो ते पाहू. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली उभी करायला घेतली. १९९१ मध्ये आलेलं लिनक्स तिच्याच वळणावरचं आणि आपल्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशीही लिनक्सच आहे. या घराण्यातल्या प्रणाली प्रत्येक फाइलीच्या तीन वेळा नोंदवतात. पहिली, मजकूर शेवटचा कधी बदलला. दुसरी, फाइल शेवटची कधी वाचली गेली. तिसरी, फाइलीचा मजकूर, मालकी किंवा परवानग्या यांत शेवटचा बदल कधी झाला.

या तिन्ही नोंदी सारख्याच भरवशाच्या नाहीत. पहिली वेळ फाइलीचा मालक एका साध्या आज्ञेनं हवी तशी मागेपुढे करू शकतो. दुसरी वेळ लिनक्सवर २००९ पासून सहसा दर वाचनाला लिहिली जात नाही, कारण नुसतं वाचलं तरी लिहायचं म्हटलं की संगणक मंदावतो. तिसरी वेळ मात्र प्रणाली स्वतःच्या घड्याळाप्रमाणे टाकते. ती मागे नेण्याची साधी आज्ञा नाही. सर्वाधिकार हाती असलेला माणूस घड्याळच फिरवू शकतो, ही गोष्ट वेगळी. पण पहारेकऱ्यानं पहिल्या तारखेपेक्षा तिसरीवर जास्त विसंबावं, एवढं यातून घ्यायचं.

म्हणजे नोंदी आहेत, पण कोणी विचारल्याशिवाय त्या बोलत नाहीत. विचारण्याचं काम शेल स्क्रिप्ट करते. शेल म्हणजे कवच. प्रणालीच्या गाभ्याभोवतीचं हे कवच आपण टाइप केलेली आज्ञा गाभ्यापर्यंत पोहोचवतं. रोज त्याच त्या आज्ञा टाइप करण्याऐवजी त्या एका फाइलीत ओळीनं लिहून ठेवल्या, की झाली शेल स्क्रिप्ट. कामाला येणाऱ्या मावशींसाठी आपण स्वयंपाकघरात चिठ्ठी ठेवतो, ‘आधी दूध तापवा, मग कुकर लावा’, तशीच ही चिठ्ठी. युनिक्सची खुबी अशी, की त्यातली हत्यारं लहान आणि एकेका कामाची असतात. एक फक्त शोधतं, एक फक्त क्रम लावतं, एक फक्त ताडून पाहतं. बांधकामावर ओळीनं उभे राहून विटा पुढे देतात, तसा एकाचा माल दुसऱ्याच्या हाती जातो. डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहानं ही सोय १९७३ मध्ये युनिक्समध्ये आली.

रेडिओवर स्क्रिप्ट वाचून दाखवली तर नुसते ठिपके, कंस आणि आडव्या-उभ्या रेघा ऐकू येतील. म्हणून तिचा मराठीत मतितार्थ सांगतो. पहिली ओळ : हिशेबाच्या फोल्डरमधल्या सगळ्या फायली शोध. दुसरी : प्रत्येकीचा ठसा काढ. तिसरी : नाव आणि ठसा यांची यादी क्रमानं लिही. चौथी : ही यादी कालच्या यादीशी ताडून पाहा. पाचवी : फरक असेल तेवढाच मला ई-मेलनं कळव. या ओळींमागची हत्यारं लिनक्सवर बहुधा आधीपासूनच असतात. रोज रात्री दोन वाजता ही चिठ्ठी वाचून काम उरकण्याची जबाबदारी ‘क्रॉन’ नावाच्या प्रोग्रॅमकडे देता येते. ज्यांच्याकडे विंडोज आहे, त्यांना हेच काम पॉवरशेल आणि टास्क शेड्युलर यांच्याकडून करून घेता येतं.

यातला ‘ठसा’ म्हणजे काय, हे समजून घेऊ. एसएचए-२५६ नावाची एक गणिती रीत आहे. तिच्यात एक ओळ घाला किंवा हजार पानांचं पुस्तक घाला, बाहेर ६४ अक्षरांचा एक ठसा पडतो. मूळ मजकुरातला एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला, तरी ठसा पार बदलून जातो. ठशावरून मजकूर ओळखता येत नाही, पण तोच मजकूर आहे की नाही हे नक्की कळतं.

कल्पना आपल्याला परकी नाही. शिवकालीन पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ अशी छोटी मुद्रा उमटवत. मजकूर इथे संपला, आता खाली कोणी एक ओळही घुसडू नये, असा तिचा अर्थ. शिक्कामोर्तब हा शब्द त्याच दफ्तरातून आपल्या बोलण्यात आला. फरक इतकाच, की मुद्रा पत्राच्या शेवटी बसते आणि हा ठसा मजकुराच्या प्रत्येक अक्षरातून निघतो.

शिक्केही जुने होतात, बनावट होऊ लागतात. एमडी-५ नावाची अशीच एक रीत १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुष्कळ वापरली गेली. २००४ साली चीनच्या गणिती शाओयुन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन वेगवेगळ्या मजकुरांचा एमडी-५ ठसा एकच पडतो, हे करून दाखवलं. जुन्या स्क्रिप्टमध्ये एमडी-५ दिसला तर तो बदलून घ्यावा.

ठसे काढून ताडण्याची ही रीत १९९२ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात विद्यार्थी जीन किम आणि प्राध्यापक जीन स्पॅफर्ड यांनी ‘ट्रिपवायर’ या प्रोग्रॅमच्या रूपात नीट बांधली. ट्रिपवायर म्हणजे वाटेत पायाच्या उंचीवर ताणलेली तार. चोराचा पाय अडकला की घंटा वाजते.

पण ही तार बांधणाऱ्यानं एक काळजी घ्यायची असते. ठशांची यादी त्याच संगणकावर, त्याच फोल्डरात ठेवली, तर आत शिरलेला माणूस फाइल बदलेल आणि यादीही बदलेल. शिवाय यादी त्याच फोल्डरात असली तर स्क्रिप्ट रोज आपल्याच यादीचा बदल कळवत बसते. म्हणून यादी दुसरीकडे हवी. दुसऱ्या संगणकावर, किंवा पाहून झालं की काढून कपाटात ठेवायच्या पेन ड्राइव्हवर. स्टॉल यांनी हेच केलं होतं. संगणकाला बाहेरून येणाऱ्या तारांना त्यांनी प्रिंटर जोडले आणि चोराचं प्रत्येक अक्षर कागदावर उतरवून घेतलं. नोंद संगणकाच्या बाहेर होत होती, म्हणून चोराला तिचा पत्ताही लागला नाही आणि ती पुसताही आली नाही.

आता त्या पाच मिनिटांकडे वळू. रात्री दोनला गस्त घालणारी आपली स्क्रिप्ट त्या प्रयोगशाळेत असती, तर तिला एटीरनमध्ये काय दिसलं असतं? काहीच नाही. खरी फाइल परत जागेवर होती, ठसा तोच होता. तिसरी तारीख मात्र बदललेली दिसली असती. म्हणून चांगली स्क्रिप्ट ठशाबरोबर ही तारीखही टिपते. तरीही दोन फेऱ्यांच्या मधे जन्मलेली आणि मधेच पुसून टाकलेली फाइल गस्तवाल्याला कधीच दिसत नाही.

यावर उपाय म्हणजे दाराला घंटा. लिनक्सच्या गाभ्यात २००५ साली ‘आयनोटिफाय’ नावाची सोय आली. अमुक फोल्डरवर लक्ष ठेव असं तिला सांगितलं, की फाइल बनली, बदलली, पुसली किंवा तिचं नाव बदललं, की त्याच क्षणी गाभा स्वतः कळवतो. स्क्रिप्टमध्ये ती एका ओळीत वापरता येते. तिच्याही मर्यादा आहेत. फोल्डरच्या पोटातल्या प्रत्येक फोल्डरवर वेगळी घंटा लावावी लागते. नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमध्ये दुसऱ्या संगणकानं केलेला बदल तिला कळत नाही. आणि काय झालं हे ती सांगते, पण कोणी केलं हे सांगत नाही. त्यासाठी लिनक्सवर ‘ऑडिट’ ही वेगळी यंत्रणा आहे. थोडक्यात, महत्त्वाच्या जागी घंटाही हवी आणि रात्रीची गस्तही हवी.

एक खास आपल्या कामाची सूचना. ‘जून पगार पत्रक’ अशी मधे जागा सोडून नावं देण्याची आपल्याला सवय असते. शेलला ती एका फाइलीऐवजी तीन वेगळ्या गोष्टी वाटू शकतात. स्क्रिप्ट लिहिताना नाव अवतरणचिन्हात बांधलं नाही, तर पहारेकरी ‘जून’ नावाची नसलेलीच फाइल शोधत बसतो आणि खऱ्या पगारपत्रकाकडे कोणी पाहत नाही. पहारा सुरू करण्यापूर्वी असं एक नाव देऊन, ती फाइल मुद्दाम बदलून, निरोप येतो का ते तपासून घ्यावं.

आतापर्यंत आपण बदलू नये अशा फायलींबद्दल बोललो. पण काही फायली रोज बदलल्याच पाहिजेत. त्यांत पहिली म्हणजे बॅकअप, राखीव प्रत. इथली शांतता धोक्याची असते. गिटलॅब या कंपनीकडे जगभरातले प्रोग्रॅमर आपलं लिखाण साठवायला ठेवतात. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथल्या एका इंजिनिअरच्या हातून मुख्य संगणकावरची माहिती पुसली गेली. राखीव प्रत घ्यायला गेले, तर ती जागा रिकामी. प्रत काढणारा प्रोग्रॅम आवृत्ती न जुळल्यामुळे रोज अपयशी होत होता. तसा ई-मेलही तो पाठवत होता, पण ते ई-मेल वाटेतच नाकारले जात होते. कोणाकडे तक्रार पोहोचली नाही, म्हणून सगळं ठीक चाललं आहे असं सगळे धरून चालले. सुदैवानं दुसऱ्या कामासाठी सुमारे सहा तास आधी काढलेली एक प्रत सापडली आणि नुकसान सहा तासांच्या नोंदींवर निभावलं. कंपनीनं ही सगळी हकीकत स्वतःच जाहीर केली.

इथे लागत होती ती स्क्रिप्ट तीन ओळींची आहे. आजच्या तारखेची प्रत आहे का? तिचा आकार कालच्या जवळपास आहे का? दोन्ही उत्तरं रोज कळव. ‘रोज’ हा शब्द महत्त्वाचा. बिघाड झाला तरच निरोप पाठवायचा, असं ठरवलं तर निरोप न येण्याचे दोन अर्थ होतात, सगळं ठीक आहे किंवा पहारेकरीच झोपला आहे. गावातला पहारेकरी चोर दिसला नाही तरी रात्रभर काठी आपटत फिरायचा, ते याचसाठी. रोज सकाळी ‘सर्व ठीक’ असा एक ओळीचा निरोप यावा आणि तो आला नाही तर चौकशी करावी.

याच्या उलट दोष म्हणजे गोंगाट. दर मिनिटाला बदलणाऱ्या नोंदवह्या, तात्पुरत्या फायली, सगळ्यांवर पहारा बसवला की रोज शेकडो ओळींचं ई-मेल येतं आणि आठवड्याभरात ते न वाचताच पुसलं जाऊ लागतं. टार्गेट या अमेरिकेतल्या मोठ्या दुकानसाखळीत २०१३ साली सुमारे चार कोटी ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरीला गेली. तिथल्या सुरक्षा यंत्रणेनं इशारे दिले होते, पण त्यांवर वेळेत कृती झाली नाही. दहा फायलींवरचा रोज वाचला जाणारा पहारा हा दहा हजार फायलींवरच्या न वाचल्या जाणाऱ्या पहाऱ्याहून अधिक उपयोगी.

हल्ली सगळ्यात मोठी भीती खंडणीखोर प्रोग्रॅमची. ते फायलींना कुलूप घालतात आणि किल्लीसाठी पैसे मागतात. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या प्रोग्रॅममुळे ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या. असा हल्ला होतो तेव्हा थोड्या वेळात शेकडो फायली एकदम बदलतात, आणि हे ठशांच्या यादीत चटकन दिसतं. पहारा हल्ला थांबवू शकत नाही, पण एक मोठं नुकसान टाळू शकतो. रात्री राखीव प्रत काढताना कुलूपबंद फायली चांगल्या प्रतीवर चढल्या, तर शेवटचा आधारही गेला. म्हणून प्रत काढण्यापूर्वी स्क्रिप्टनं मोजावं. रोज पाच-दहा फायली बदलत असतील आणि आज पाचशे बदलल्या असतील, तर प्रत काढू नये, माणसाला उठवावं. आणि एक प्रत नेहमी संगणकापासून सोडवून, वेगळी ठेवावी.

एक गोष्ट कार्यालयं चालवणाऱ्यांसाठी. फाइल कोणी उघडली, किती वाजता, किती वेळ, हेही नोंदवता येतं. रुग्णाचा अहवाल कोणी पाहिला याची नोंद रुग्णाच्या हिताची आहे. पण तीच यादी घेऊन कारकून चहाला किती मिनिटं गेला हे मोजू लागलो, की लोक कामाच्या फायली स्वतःच्या पेन ड्राइव्हवर ठेवू लागतात आणि ज्यावर लक्ष ठेवायचं तेच नजरेआड होतं. म्हणून काय नोंदवलं जातं, ते कोण वाचतं आणि किती दिवसांनी पुसलं जातं, हे सगळ्यांना आधी सांगावं.

हे सगळं स्वतः लिहिता आलं पाहिजे असं नाही. आपल्या सोसायटीचा, शाळेचा, दवाखान्याचा संगणक जो कोणी सांभाळतो, तो हे एका दुपारी करून देऊ शकतो. पण त्याला सांगायचं आपल्यालाच आहे. गेल्या वर्षीचा तपासून झालेला ताळेबंद बदलायला नको, आजची जमाखर्चाची फाइल बदललीच पाहिजे, हे संगणकाला कळत नाही. तो फक्त काल आणि आज यांतला फरक दाखवतो. तेव्हा उद्या कार्यालयात गेलात की एका कागदावर तीन ओळी लिहा. कधीच बदलू नयेत अशा फायली कोणत्या, रोज बदलल्याच पाहिजेत अशा कोणत्या, आणि रोज सकाळी येणारा निरोप कोण वाचणार. तिसऱ्या ओळीत एका माणसाचं नाव असू द्या, आणि तो रजेवर गेला तर वाचणाऱ्या दुसऱ्याचंही.